पोत्यातले किलो आणि मातीतले अणू : खारपाण पट्ट्यासाठी थोडा हिशेब

(दर्यापूर तालुक्यात खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जरा वेगळा आहे. कपाशीवरील किडी, हरभऱ्यावरील मर किंवा तुरीची लागवड यांवर आपण नेहमीच बोलतो. आज मी तुम्हाला रसायनशास्त्रातील एक हिशेब सांगणार आहे. तो अकरावीच्या वर्गात शिकवतात आणि परीक्षा झाली की बहुतेक मुले विसरतात. विषय कोरडा वाटेल, पण त्याला कारण असे घडले की एका गावात माती परीक्षणावर बोलून झाल्यावर मागच्या रांगेतले एक वडीलधारे गृहस्थ उठून म्हणाले, "सायेब, युरियाच्या पोत्यावर ४६ टक्के लिहेलं हाये. मंग बाकीचे ५४ टक्के काय हाये त्यात? माती भरून देतात काय?"

सगळे हसले. मीही हसलो आणि "नाही, तो सगळा युरियाच असतो" असे सांगून पुढे गेलो. घरी जाताना मात्र वाटले की हे उत्तर झाले नाही. प्रश्न रास्त होता. पैसे पूर्ण पोत्याचे मोजावे लागतात, मग पोत्यात काय आहे हे विचारण्याचा हक्क शेतकऱ्याला आहेच. त्या प्रश्नाचे नीट उत्तर द्यायचे तर अणूचे वजन आणि 'मोल' या दोन गोष्टी समजून घ्याव्या लागतात. आणि त्या एकदा समजल्या की खारपाण जमिनीला जिप्सम किती लागेल, विहिरीचे पाणी ओलिताला चालेल का, या आपल्या भागाच्या मूळ दुखण्याचाही हिशेब त्यातूनच निघतो.

सुरुवात हरभऱ्यापासून करू. ३० बाय १० सेंटिमीटर अंतरावर पेरणी केली तर हेक्टरी सुमारे ३ लाख ३३ हजार झाडे बसतात. ही झाली मोजणी. पण कृषी सेवा केंद्रावर जाऊन "३ लाख ३३ हजार दाणे द्या" असे आपण म्हणत नाही. बियाणे किलोवर मिळते. मग मोजणीवरून वजनावर कसे यायचे? १०० दाण्यांचे वजन पाहायचे. एखाद्या बारीक दाण्याच्या वाणाचे १०० दाणे १८ ग्रॅम भरले तर हेक्टरी ६० किलो बियाणे पुरते. मध्यम दाण्याचे १०० दाणे २५ ग्रॅम भरले तर ८३ किलो लागते. टपोऱ्या काबुलीचे १०० दाणे ४० ग्रॅम भरले तर तेच १३३ किलोवर जाते. झाडे तेवढीच, वजन मात्र दुपटीहून अधिक. काबुलीचे बियाणे ६० किलोच पेरले तर रान विरळ राहील, आणि दोष बियाण्याला देऊन चालणार नाही.

निसर्गातही नेमके असेच चालते. पिकाच्या मुळांना, मातीच्या कणांना किंवा कारखान्यातील भट्टीला किलो कळत नाही. तेथे व्यवहार नगांचा असतो. एका कार्बनला दोन ऑक्सिजन, एका कॅल्शियमच्या जागी दोन सोडियम, असा. आपण मात्र पोती वजनाने आणतो. म्हणून नग आणि वजन यांच्यामध्ये १०० दाण्यांच्या वजनासारखा एक पूल लागतो. तो पूल म्हणजे मोल.

अणू इतका लहान की त्याला ग्रॅममध्ये तोलणे म्हणजे ज्वारीचा दाणा ट्रकच्या वजनकाट्यावर ठेवण्यासारखे आहे. म्हणून शास्त्रज्ञांनी अणूसाठी वेगळे माप ठरविले. कार्बन-१२ या अणूच्या वस्तुमानाचे बारा समान भाग केले आणि त्यातल्या एका भागाला अणुवस्तुमान एकक म्हटले. त्याला डाल्टन असेही म्हणतात. कार्बनचा आधार १९६० च्या सुमारास सर्व देशांतील पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्राच्या मंडळींनी मान्य केला. त्यापूर्वी दोघांची मापे ऑक्सिजनवर आधारलेली, पण किंचित वेगळी होती. आपल्याकडे एकरी आणि बिघ्याचा घोळ होतो तसाच तो प्रकार होता.

या मापाने हायड्रोजनचा अणू भरतो १, कार्बन १२, नत्र १४, ऑक्सिजन १६, सोडियम २३, स्फुरद ३१, गंधक ३२, पालाश ३९, कॅल्शियम ४० आणि जस्त सुमारे ६५. एवढे आकडे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तरी आजचे काम भागते. क्लोरीनचा आकडा मात्र ३५.५ असा अर्धवट दिसतो. अणू काही अर्धा नसतो. क्लोरीनमध्ये ३५ वजनाचे आणि ३७ वजनाचे असे दोन प्रकारचे अणू साधारण तीनास एक या प्रमाणात मिसळलेले असतात. दोन आकाराचे दाणे असलेल्या ढिगाचे सरासरी वजन काढावे, तसा तो आकडा आहे.

आता मोल. डझन म्हणजे १२, ग्रोस म्हणजे १४४, तसा मोल म्हणजे एक ठरलेला नग. तो आहे ६०२ च्या पुढे २१ शून्ये. २० मे २०१९ पासून ही संख्या जगभर कायमची ठरवून टाकली आहे : ६०२२१४०७६ आणि पुढे १५ शून्ये. त्याआधी १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू असतील तितके म्हणजे एक मोल, अशी व्याख्या होती. इटलीच्या अ‍ॅव्होगॅड्रो या शास्त्रज्ञाचे नाव या संख्येला दिलेले आहे. त्यांनी १८११ मध्ये वायूंच्या रेणूंविषयी जो विचार मांडला, त्यावर पुढचे सारे उभे राहिले. ही संख्या त्यांनी स्वतः मात्र कधी मोजली नव्हती.

संख्या किती मोठी, याची कल्पना यावी म्हणून मी विद्यार्थ्यांकडून एक गणित करून घेतो. ज्वारीच्या हजार दाण्यांचे वजन ३० ग्रॅम धरा. एक मोल ज्वारीचे दाणे अख्ख्या महाराष्ट्रावर सारखे पसरले तर थर किती उंच होईल? उत्तर येते जवळपास ७८ किलोमीटर! आणि तेवढेच रेणू १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे साधारण एका मोठ्या चमच्यात मावतात.

एवढी विचित्र संख्या का घेतली? कारण ती घेतली की पूल आपोआप बांधला जातो. अणूचे वजन एककात जेवढे, तेवढेच ग्रॅम घेतले की त्यात एक मोल अणू येतात. सोडियमचा अणू २३ एकक, म्हणून २३ ग्रॅम सोडियम म्हणजे एक मोल. कॅल्शियम ४०, म्हणून ४० ग्रॅम म्हणजे एक मोल. २३ ग्रॅम सोडियम आणि ४० ग्रॅम कॅल्शियम यांत नग सारखे, वजन वेगळे. बारीक हरभरा आणि काबुली यांच्यासारखेच.

आता त्या काकांच्या प्रश्नाचे उत्तर देता येते. युरियाच्या एका रेणूत एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नत्र आणि चार हायड्रोजन असतात. वजन करा : १२, १६, २८ आणि ४. बेरीज ६०. म्हणजे ६० ग्रॅम युरियात २८ ग्रॅम नत्र. शेकडा काढले तर ४६.६. बाकीचे ५४ टक्के म्हणजे माती नव्हे, तर नत्राला धरून ठेवणारे कार्बन, ऑक्सिजन आणि हायड्रोजन. जगातला कोणताही कारखाना ६० टक्के नत्राचा युरिया करू शकणार नाही. केला तर तो युरिया राहणार नाही. २०१८ पासून युरियाची पिशवी ५० ऐवजी ४५ किलोची झाली आहे. तीत नत्र २०.७ किलो. जुन्या पोत्याच्या अंदाजाने "एकरी एक पोते" टाकणाऱ्यांनी हा फरक मनात धरावा.

असाच एक गोंधळ स्फुरदाचा. डीएपीवर १८:४६ लिहिलेले असते. त्यातले ४६ हे शुद्ध स्फुरद नसून स्फुरदाचे ऑक्साईड आहे. त्या ऑक्साईडचे वजन १४२ आणि त्यात स्फुरदाचे दोन अणू म्हणजे ६२. म्हणून ४६ टक्क्यांत खरे स्फुरद सुमारे २० टक्केच. ही फसवणूक नाही. फार जुन्या काळी रसायनशाळेत पदार्थ जाळून ऑक्साईडच्या रूपात तोलत, ती लिहिण्याची रीत पुढे तशीच राहिली. विद्यापीठाच्या शिफारशीही त्याच रीतीने दिलेल्या असतात, त्यामुळे खत टाकताना वेगळी आकडेमोड करण्याची गरज नाही. फक्त दोन तक्ते ताडून पाहताना एकात स्फुरद आणि दुसऱ्यात स्फुरदाचे ऑक्साईड दिलेले नाही ना, एवढे पाहावे.

झिंक सल्फेटमध्ये मात्र खिशाचा प्रश्न आहे. बाजारात ते दोन प्रकारचे मिळते, २१ टक्के जस्ताचे आणि ३३ टक्के जस्ताचे. अनेकांना वाटते की पहिल्यात भेसळ असते. तसे नाही. पहिल्या प्रकारच्या स्फटिकात प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे सात रेणू बांधलेले असतात, दुसऱ्यात एकच. म्हणजे पहिल्याचे वजन करताना आपण बांधलेल्या पाण्याचेही वजन करतो. १० किलो पहिल्या प्रकारातून जेवढे जस्त मिळते, तेवढे दुसऱ्याच्या ६.४ किलोतून मिळते. भाव विचारताना "किलोचा किती" असे न विचारता, किलो जस्ताला किती पैसे पडतात ते काढावे.

आता आपल्या मूळ दुखण्याकडे येतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून साडेचार लाख हेक्टरांहून अधिक जमीन खारपाण पट्ट्यात मोडते. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, शेगाव ही नावे तुम्हाला नवीन नाहीत. वर उत्तम काळी माती, खाली खारे पाणी. पाऊस पडला की चिखल, उघडीप झाली की हातभर भेगा. पाणी वर साचते, खाली मुरत नाही. वापसा लवकर येत नाही आणि आला तर दोन दिवसांत निघून जातो.

याचे कारण सोडियम. काळ्या मातीच्या चिकण कणांवर ऋण विद्युतभाराच्या जागा असतात. गोठ्यातल्या खुंट्यांसारख्या समजा. सोडियमचा अणू एका खुंटीला बांधला जातो. कॅल्शियम मात्र बैलजोडीसारखा आहे, त्याला दोन खुंट्या लागतात. त्यामुळे तो कणांना घट्ट जवळ धरून ठेवतो आणि माती भुसभुशीत राहते. सोडियम एकाच खुंटीला आणि भोवती पाण्याचे जाड आवरण घेऊन असतो. त्यामुळे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्यात पसरतात आणि मातीतली बारीक छिद्रे बुजवतात. एकूण खुंट्यांपैकी शंभरात किती खुंट्यांवर सोडियम आहे, याला विनिमययोग्य सोडियमचे शेकडा प्रमाण म्हणतात. प्रयोगशाळेत याला ईएसपी म्हणतात. अमेरिकेच्या क्षार संशोधन प्रयोगशाळेने १९५४ मध्ये १५ हा आकडा धोक्याची रेषा म्हणून दिला आणि तो सगळ्या पुस्तकांत आला. आपल्या पूर्णेच्या काळ्या जमिनीत मात्र १५ ची वाट पाहण्याची सोय नाही. नागपूरच्या राष्ट्रीय मृद सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासात असे दिसले आहे की येथे ५ च्या पुढेच निचरा बिघडू लागतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन अशा बारा गोष्टी तपासतात. पत्रिका उपयुक्त आहे, जपून ठेवावी. पण त्यात विनिमययोग्य सोडियम नाही. म्हणजे ज्या रोगाने आपली जमीन आजारी आहे त्याची नोंदच त्या कागदावर येत नाही! सामू साडेआठच्या वर असेल तर शंका घ्यावी, पण सामू त्याखाली असूनही सोडियम जास्त असू शकतो. म्हणून खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्याने मातीचा नमुना देताना विनिमययोग्य सोडियम आणि धनभार विनिमय क्षमता या दोन तपासण्या वेगळ्या मागून घ्याव्यात.

त्या अहवालात आकड्यापुढे 'मि.ई. प्रति १०० ग्रॅम' किंवा 'सेंटीमोल प्रति किलो' असे लिहिलेले असते. तेथे आपण थांबतो आणि कागद घडी करून ठेवतो. खरे तर त्यात मघाचाच पूल आहे. धनभार विनिमय क्षमता म्हणजे एक किलो मातीत एकूण खुंट्या किती, हे मोलच्या शंभराव्या भागात सांगितलेले असते. जुन्या आणि नव्या एककांचा आकडा एकच येतो, नावे फक्त वेगळी. ५० आकडा असेल तर जमीन भारी.

आता प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. समजा एका शेताची क्षमता ५० आणि सोडियमचे शेकडा प्रमाण १२ आले. ते ७ पर्यंत खाली आणायचे आहे. म्हणजे शंभरातल्या ५ खुंट्या मोकळ्या करायच्या. ५० च्या ५ टक्के म्हणजे २.५. एवढ्या खुंट्यांवरचा सोडियम सोडवून तेथे कॅल्शियम बांधायचा आहे.

कॅल्शियम आणायचे जिप्समामधून. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि त्यासोबत पाण्याचे दोन रेणू. त्याचे वजन १७२. पण कॅल्शियम दोन खुंट्या धरते, म्हणून एका खुंटीच्या वाट्याला १७२ चे निम्मे, ८६. हा ८६ चा आकडा लक्षात ठेवा, खारपाण जमिनीचा सारा हिशेब याच्यावर चालतो. म्हणजे क्षमतेच्या एका आकड्यासाठी, प्रत्येक किलो मातीला ०.८६ ग्रॅम जिप्सम लागते.

हेक्टरात माती किती? वरचा १५ सेंटिमीटरचा थर धरला तर १०० मीटर लांब, १०० मीटर रुंद आणि ०.१५ मीटर जाड, म्हणजे १५०० घनमीटर. दीड पट वजन धरले तर २२५० टन, अर्थात साडेबावीस लाख किलो. त्याला ०.८६ ग्रॅमने गुणले की १९३५ किलो येतात. म्हणजे एका आकड्याला हेक्टरी सुमारे १९ क्विंटल शुद्ध जिप्सम. आपल्या उदाहरणात २.५ आकडे, म्हणून हेक्टरी ४८ क्विंटल, एकरी साधारण साडेएकोणीस क्विंटल. ५० किलोच्या ३९ पिशव्या. पण बाजारातले जिप्सम शंभर टक्के शुद्ध नसते. ७० टक्के शुद्ध असेल तर ३९ च्या जागी ५६ पिशव्या लागतील. म्हणून खरेदी करताना पिशवीच्या भावाआधी शुद्धता विचारावी आणि पावतीवर लिहून घ्यावी.

या हिशेबात एक गंमत आहे. ४८ क्विंटल जिप्सममध्ये कॅल्शियम असते सुमारे सव्वाअकरा क्विंटल. त्याने मातीतून सुटणारा सोडियम भरतो जवळपास १३ क्विंटल! आत आलेले कमी, बाहेर गेलेले जास्त. वजनाने पाहिले तर हे कोडे वाटेल. पण एक कॅल्शियम (४०) आत येते तेव्हा दोन सोडियम (२३ आणि २३, म्हणजे ४६) सुटतात, हे माहीत असेल तर कोडे राहत नाही.

सुटलेला सोडियम हवेत जात नाही. तो सल्फेटशी जोडला जाऊन सोडियम सल्फेट होतो, आणि ते हेक्टरी ४० क्विंटलच्या घरात जाते. ते पाण्याबरोबर खाली किंवा चराने बाहेर गेले पाहिजे, नाही तर उन्हाळ्यात पांढरे होऊन पुन्हा वर येते. शिवाय जिप्सम विरघळायलाच पाणी लागते. एक लिटर पाण्यात साधारण अडीच ग्रॅम विरघळते. आपल्या उदाहरणातले सगळे जिप्सम विरघळायला शेतावर १९ सेंटिमीटर पाणी उभे राहून मुरायला हवे. अकोल्याकडे वर्षाचा पाऊस साधारण सातशे ते आठशे मिलिमीटर. त्यातला बराच वाहून जातो. म्हणून जिप्सम पावसाळ्यापूर्वी बारीक करून पसरावे, वरच्या थरात वखराने मिसळावे, उताराला आडवी मशागत करून पाणी अडवावे आणि जादा पाण्यासाठी चर ठेवावेत. ज्यांच्याकडे निचऱ्याची सोय नाही त्यांनी जिप्समावर एका दमात सगळा खर्च करू नये. दोन-तीन वर्षांत विभागून द्यावे आणि मध्ये पुन्हा माती तपासावी. पहिल्याच वर्षी सोने पिकेल असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका.

"मग गंधक का टाकू नये?" असे काही जण विचारतात. कागदावर ते फार स्वस्त पडते. गंधकाचा एक मोल ३२ ग्रॅम, तोच १७२ ग्रॅम जिप्समाचे काम करतो. म्हणजे एक किलो गंधकाला ५.४ किलो जिप्सम. पण गंधकात कॅल्शियम नाही. मातीतले जिवाणू त्याचे आम्ल करतात, ते आम्ल मातीतल्या चुनखडीवर काम करते आणि मग कॅल्शियम सुटते. आपल्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे, तेव्हा मार्ग चुकीचा नाही. मात्र ओल हवी, जिवाणू हवेत आणि वेळ हवा. कोरडवाहूत हे तिन्ही एकत्र येणे कठीण. चुनखडी तशीच पडून असते, कारण शुद्ध पाण्याच्या लिटरमध्ये ती ग्रॅमच्या शंभराव्या भागाइतकीच विरघळते. ढैंचा किंवा बोरू गाडला की कुजताना जो कर्बवायू निघतो त्याने थोडी चुनखडी विरघळते आणि फुकटचे कॅल्शियम मिळते. हिरवळीच्या खताचा खारपाणात जो गुण दिसतो, त्याचे एक कारण हेच.

आता ज्या प्रसंगामुळे मी हा विषय इतका लांबवला, तो सांगतो. एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. त्यांनी फडताळातून एक लिटरची बाटली काढून दाखविली. विकणाऱ्याने सांगितले होते की ही एकरभर ठिबकातून सोडली की जमिनीचा खारेपणा जातो. त्यांनी तशा सहा बाटल्या घेतल्या होत्या. घरातल्या माउलीने किंमत सांगितली तेव्हा मला काही बोलवेना. त्या पैशात बरेच जिप्सम आले असते.

मी कागद मागितला. म्हटले, दादा, आपण विकणाऱ्याच्या बाजूने मोजू. समजा या बाटलीत औषध वगैरे काही नाही, पूर्ण एक किलो शुद्ध कॅल्शियमच भरले आहे. असे होऊ शकत नाही, तरी धरू. १००० भागिले ४०, म्हणजे २५ मोल कॅल्शियम. प्रत्येकी दोन प्रमाणे ते ५० मोल सोडियम सोडवील. ५० गुणिले २३, म्हणजे ११५० ग्रॅम. सव्वा किलोही नाही. आणि तुमच्या एकरातून काढायचा आहे तो सोडियम, मघाच्याच उदाहरणाप्रमाणे, ५२४ किलो. एकरी ४५६ बाटल्या लागतील. आणि बाटलीत दहा टक्केच कॅल्शियम असेल तर साडेचार हजार.

ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "हे गणित मले त्या दिशी माहीत असतं तं..." पुढे काही बोलले नाहीत.

अशा द्रवांनी पिकाला काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही. एखाद्यात अन्नद्रव्य असेल, एखाद्याने मुळे वाढत असतील. पण सोडियम नगाला नग दिल्याशिवाय खुंटी सोडत नाही. कोणतेही भूसुधारक घेताना विकणाऱ्याला एवढेच विचारावे : यात कॅल्शियम किंवा गंधक किती टक्के आणि एकरी किती किलो? उत्तर ग्रॅममध्ये आले तर पैसे खिशात ठेवावेत.

शेवटी पाण्याचे. खारपाण पट्ट्यात नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातून आणि इतर योजनांतून शेततळी झाली आहेत, आणि पावसाचे गोडे पाणी अडवून संरक्षित ओलित देणे हाच येथील उत्तम मार्ग आहे. पण ज्यांना विहिरीच्याच पाण्यावर भिस्त ठेवावी लागते त्यांनी पाण्याचा अहवाल वाचायला शिकले पाहिजे. यातही लोक किलो आणि नग यांची गल्लत करतात.

पाण्यात कार्बोनेट आणि बायकार्बोनेट हे कॅल्शियम आणि मॅग्नेशियमपेक्षा जास्त असतील, तर ते मातीतल्या कॅल्शियमची चुनखडी करून टाकतात आणि खुंट्या सोडियमसाठी मोकळ्या होतात. या जास्तीला अवशिष्ट सोडियम कार्बोनेट म्हणतात. ते लिटरला १.२५ मि.ई. पर्यंत चालते, अडीचच्या वर गेले तर ओलिताला योग्य नाही. एका शेतकऱ्याच्या अहवालात बायकार्बोनेट ४२७, कार्बोनेट १५, कॅल्शियम ४० आणि मॅग्नेशियम २४ मिलिग्रॅम प्रति लिटर असे होते असे समजा. सरळ वजाबाकी केली तर ३७८ येते, आणि त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. प्रत्येकाला त्याच्या एका खुंटीच्या वजनाने भागले पाहिजे. बायकार्बोनेटला ६१, कार्बोनेटला ३०, कॅल्शियमला २० आणि मॅग्नेशियमला १२. उत्तरे येतात ७, अर्धा, २ आणि २. आता साडेसातातून चार वजा केले की साडेतीन राहतात. पाणी अयोग्य.

ते १.२५ वर आणायचे तर २.२५ मि.ई. साठी लिटरला ८६ गुणिले २.२५, म्हणजे १९३ मिलिग्रॅम जिप्सम लागेल. एकराला ५ सेंटिमीटरची एक पाळी म्हणजे दोन लाख लिटर पाणी, म्हणून प्रत्येक पाळीला ३९ किलो शुद्ध जिप्सम. ते हौदात किंवा पाटात पिशवी ठेवून पाण्यातून देता येते. मात्र पाण्याची एकूण क्षारता, म्हणजे विद्युत वाहकता, जास्त असेल आणि त्यात क्लोराईड भरलेले असेल, तर जिप्समाने ते कमी होत नाही. जिप्सम सोडियमचा तोल सुधारते, मीठ काढून टाकत नाही. अशा पाण्याचे ओलित टाळलेलेच बरे.

पाण्याचा नमुना देताना मोटार थोडा वेळ चालू द्यावी, स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून घ्यावी, काठोकाठ भरून बूच घट्ट लावावे आणि शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोहोचवावी. बाटलीवर गावाचे नाव, गट नंबर, विहीर की बोअर, खोली आणि तारीख लिहावी. मातीचा नमुना ० ते १५ आणि १५ ते ३० सेंटिमीटर असा वेगवेगळा द्यावा, कारण पूर्णेच्या खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी सोडियम खालच्या थरात वाढत गेलेला असतो. अहवाल आला की त्यावरील एकक आधी पाहा, आकडा नंतर.